आजारी पायाचा मोजा

मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या पोटरीवरची रंगीत स्लीव्ह आणि जिममधला अंगाला चिकटून बसणारा टी-शर्ट यांचे घराणे शोधत मागे गेले, की वाट मैदानाशी संपत नाही. ती चिघळलेल्या पायाच्या रोग्यापाशी जाऊन थांबते. व्यायामासाठी असले कपडे घ्यावेत का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या कुळकथेतच आहे.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढते ते दोन गोष्टींच्या जोरावर. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि शिरा दाबतात; शिरांमधल्या झडपा ते रक्त खाली परतू देत नाहीत. पाडुआच्या फॅब्रिशियसने १६०३ साली या झडपांचे सविस्तर वर्णन केले आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. झडपा नादुरुस्त झाल्या की रक्त घोट्याकडे साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, कातडी काळवंडते आणि एखाद्या दिवशी घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते. ती महिनोन्महिने भरत नाही.

अशा पायाला पट्टी आवळून बांधावी, हे ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होते. पण पट्टी सैल पडते आणि प्रत्येक बांधणाऱ्याचा हात वेगळा. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन याने सतराव्या शतकात यावर तोड काढली: चामड्याचा मोजा आणि त्याला आवळायला नाडी. सूज उतरली की नाडी आणखी ओढायची. आजच्या घट्ट मोज्याचा हा पणजोबा.

चामडे ताणले जात नाही. त्यासाठी रबर हवे होते. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधकाच्या मदतीने ते टिकाऊ केले. लगेच १८४८ मध्ये विल्यम ब्राउन या इंग्रजाने रबरी धाग्याच्या मोज्याचे पेटंट घेतले. नुसते रबर कातडीला टोचे, घाम धरे. १८५१ मध्ये जोनाथन स्पार्क्सने रबरी धाग्याभोवती सूत आणि रेशीम गुंडाळण्याची रीत काढली, तेव्हा कुठे तो मोजा दिवसभर पायात ठेवण्याजोगा झाला.

मोजा घट्ट झाला, पण नेमका किती घट्ट असावा याचे गणित मांडले ते कॉनराड जॉबस्ट या इंजिनियरने. मूळचा जर्मन, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडोला स्थायिक झालेला हा माणूस स्वतः पायाच्या जखमांनी बेजार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. कारणही त्याने ओळखले. उभ्या माणसाच्या पायातल्या शिरांवर रक्ताच्या उभ्या स्तंभाचा भार असतो. निश्चल उभे राहिल्यास घोट्याशी हा दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. तलावात बाहेरून पाण्याचा स्तंभ उलटा दाब देतो आणि तोही खोलीबरोबर वाढत जातो. वर कमी, घोट्याशी सर्वांत जास्त. हाच चढता-उतरता दाब कापडात आणायचे त्याने ठरवले आणि १९५० च्या सुमारास प्रत्येक रुग्णाच्या पायाची मापे घेऊन तसे मोजे तयार केले.

आजही डॉक्टर लिहून देतात तो मोजा याच जातीचा. खोक्यावर दाब छापलेला असतो, उदाहरणार्थ २० ते ३० मिलिमीटर पारा. तो सकाळी, पाय भरून येण्याआधी चढवायचा. टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचे, टाच नेमकी टाचेवर बसवायची आणि मग चुण्या मोडत वर ओढायचा. वयस्क माणसाला एकट्याने हे सहसा जमत नाही.

मैदानाकडे जाण्याची वाट मोकळी केली ती एका धाग्याने. ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शायव्हर्सने १९५८ मध्ये कृत्रिम लवचीक धागा बनवला. लायक्रा या नावाने तो बाजारात आला. रबरापेक्षा हलका, घामाने न कुजणारा आणि कित्येक पट ताणूनही मूळ लांबीवर परतणारा. आधी तो बायकांच्या अंतर्वस्त्रांत गेला, मग पोहण्याच्या आणि सायकलस्वारांच्या कपड्यांत.

आजारी पायाला जे मानवते ते धडधाकट पायाला वेग देईल का? मायकेल बेरी आणि रॉबर्ट मॅक्मरी या संशोधकांनी १९८७ मध्ये हे तपासले. दमवणाऱ्या व्यायामात आणि त्यानंतरही मोजे घातलेल्यांच्या रक्तात लॅक्टेट, म्हणजे जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारे द्रव्य, कमी आढळले. पण ते लवकर धुऊन निघाले म्हणून नव्हे, तर बहुधा स्नायूतच अडकून राहिले म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९६ मध्ये विल्यम क्रेमर यांनी व्हॉलीबॉलपटूंना घट्ट शॉर्ट्स घालून उड्या मारायला लावल्या. सर्वांत उंच उडी काही वाढली नाही. लागोपाठच्या उड्यांमधला जोर मात्र अधिक टिकला. त्याच वर्षी केव्हिन प्लँक या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्याने घामाने जड होणाऱ्या सुती बनियनला वैतागून अंडर आर्मर सुरू केली. त्याला रक्ताभिसरणाशी काही घेणे नव्हते, कोरडे राहायचे होते. जानेवारी २००१ मध्ये बास्केटबॉलपटू अ‍ॅलन आयव्हर्सनने सुजलेल्या कोपरावर नळीसारखी पट्टी चढवून ५१ गुण केले आणि पाहता पाहता निरोगी हातांवरही स्लीव्ह दिसू लागल्या.

या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली: दाबाचा आकडा. औषधी मोज्यावर तो असतो, खेळाच्या बहुतेक कपड्यांवर नुसते एस, एम, एल. एकाच मापाची विजार एकाच्या मांडीला आवळते, दुसऱ्याच्या मांडीवर नुसती टेकते.

मग व्यायामानंतर थकवा भरून निघण्याचे काय? २०१४ मध्ये १२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा अंग आंबणे आणि ताकद परत येणे यांत मध्यम फायदा दिसला. २०२२ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९ अभ्यास पुन्हा चाळले, तर ताकद लवकर परत येते असे काही आढळले नाही. यात एक अडचण कायमची आहे. गोळी खोटी देता येते. पण अंगावरचा कपडा घट्ट आहे की नाही, हे घालणाऱ्याला कळतेच. त्यामुळे ‘बरे वाटले’ यातला कापडाचा वाटा किती आणि मनाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. जाहिराती मात्र याच्या पुष्कळ पुढे जातात. तांबे मिसळलेल्या घट्ट कपड्यांनी दुखणी जातात असे सांगणाऱ्या टॉमी कॉपर कंपनीला २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना साडेतेरा लाख डॉलर मोजावे लागले.

तेव्हा हिशेब असा. व्हेरिकोज व्हेन्स, पायाची सूज, लांबचा विमानप्रवास यांसाठी हा मोजा कामाचा आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दाबाचा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी तो मनाने चढवू नये. मांड्या घासतात किंवा घट्ट कपड्यात सुटसुटीत वाटते म्हणून घेत असाल, तर खुशाल घ्या. जोरदार व्यायामानंतर अंग थोडे कमी दुखेल एवढीच अपेक्षा असेल, तर पोटरीचा आणि मांडीचा घेर टेपने मोजून मगच माप निवडा. मुंग्या आल्या किंवा बोटे गार पडली, तर लगेच उतरवा. आणि वेग वाढेल या आशेने घेत असाल, तर ते पैसे आधी चांगल्या बुटांवर खर्च करा.