मालोजीराजांचा नवस

जुन्या घराण्याचा इतिहास शोधावयाचा म्हणजे आपण सनदा, महजर आणि शिलालेख धुंडाळतों. परंतु मुलाचें नांव हाही एक दस्तऐवजच आहे. बापाची आशा त्यांत जशी उतरते तशी ती सनदेंत उतरत नाहीं. चाळीस वर्षें वर्गांत हजेरी घेतांना मला हें नित्य जाणवे. मात्र याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या नगरचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, आहे.

वेरूळचे मालोजी भोसले व त्यांचे धाकटे बंधु विठोजी हे निजामशाहीच्या चाकरींत पराक्रमानें वर आलेले पुरुष. मालोजींचा विवाह फलटणच्या निंबाळकरांच्या कन्येशीं झाला. दौलत आली, मान आला. पण पुत्रमुख दिसेना. मालोजींची निष्ठा शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावर. तेथें यात्रेकरूंचे पाण्यावांचून हाल होत, म्हणून त्यांनीं मोठा तलाव बांधला. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांच्याच नांवावर सांगतात. असा हा शिवभक्त नगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या पायीं गेला व पुत्रासाठीं नवस बोलला. पुढें दोन पुत्र झाले. थोरल्याचें नांव शहाजी ठेविलें, धाकट्याचें शरीफजी.

कोणी म्हणतात, दरबाराला खूष करण्यासाठीं हीं नांवें ठेविलीं असावींत. मला तें पटत नाहीं. दरबाराची मर्जीच राखावयाची तर सुलतानाचें किंवा वजिराचें नांव होतें कीं! येथें एकाच साधूच्या नांवाचे दोन भाग करून ते दोघां भावांना वांटून दिले आहेत. हें हिशेबी मनाचें काम नव्हे. बखरकारांनीं हकीकतींत मीठमसाला घातला असेल, पण नांवें कांहीं त्यांनीं ठेविलीं नाहींत. शिवाय मराठींत ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनाही मालोजींनीं गुरुस्थानीं मानिलें, अशी परंपरा आहे. महादेवाचा तलाव आणि अवलियाचा नवस यांत त्या काळच्या मराठा सरदाराला विसंगति दिसत नसे.

नवस फळाला आला, पण मुलांचा उत्कर्ष पाहणें बापाच्या नशिबीं नव्हतें. इंदापूरच्या लढाईंत मालोजी पडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’प्रमाणें तेव्हां शहाजी पांच वर्षांचे व शरीफजी तीन वर्षांचे होते. विठोजींना स्वतःचे आठ मुलगे. तरी या पोरक्या पुतण्यांना त्यांनीं पोटच्या पोरांसारखें वाढविलें. या चुलत्याचें नांव आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपलीकडे येत नाहीं, याची मला नेहमी खंत वाटे.

सन १६२४ मध्यें मोंगल व आदिलशाही फौजा मिळून निजामशाहीवर आल्या. मलिक अंबरानें भातवडीचा तलाव फोडून शत्रूच्या छावणीची दाणादाण केली आणि अखेरीस मोठा जय मिळविला. दोघेही बंधु त्या रणांत होते. शहाजीराजांची कीर्ति तेथून वाढली. शरीफजी मात्र तेथेंच पडले. भातवडी नगर तालुक्यांतच आहे. ज्या शाह शरीफाला नवस बोलून हा पुत्र मागितला, त्याच्या दर्ग्यापासून अवघ्या कांहीं कोसांवर त्याचा देह पडला.

राहिले शहाजी. निजामशाही बुडत असतां, सन १६३३ मध्यें संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्यांनीं त्या घराण्यांतील एका मुलाला गादीवर बसविलें आणि तीन वर्षें मोंगलांशीं झुंज दिली. ज्या राज्याच्या चाकरींत पिता मेला, तें राज्य एका बालकाच्या नांवानें जगविण्याचा हा प्रयत्न होता. सन १६३६ मध्यें माहुलीस तो संपला. पुढें कर्नाटकांत त्यांनीं मोठें ऐश्वर्य भोगिलें. सन १६६४ मध्यें होदिगेरे येथें शिकारीच्या मागें जातांना घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि तेथेंच आहे. आणि शाह शरीफाचा दर्गाही नगरजवळ अद्याप उभा आहे.