कापलेलं आणि वितळवलेलं

जुन्या लष्करी विमानाच्या धातूची म्हणून कुणी एखादी वस्तू हातात दिली, की मी आधी एकच बघतो. ही कापलेली आहे की वितळवलेली? कापलेल्या तुकड्यावर विमान शिल्लक असतं. रंग असतो, रिव्हेटची भोकं असतात, कुठेतरी पोचा असतो. वितळवलेल्यात नुसता धातू उरतो, आणि त्याच्याकडे बघून तो कुठून आला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त. ओझरच्या मिग कारखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत पत्र्याच्या कामात हात काळे केले, त्याची ही खोड. घरच्यांनी आता तिच्यापुढे हात टेकलेत.

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत आवडते ती अगदी दरिद्री दिसणारी वस्तू : तारेचा बोटभर तुकडा. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लेफ्टनंट विल्यम लीफ रॉबिन्सन याने लंडनच्या उत्तरेला कफली गावावर एक जर्मन हवाई जहाज पेटवून पाडलं. आतले सोळाही जण मेले. त्याच दिवशी लंडनहून जत्रेसारखी माणसं लोटली, रॉबिन्सनला दोन दिवसांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि सरकारने सापडलेली तार ब्रिटिश रेडक्रॉसला देऊन टाकली. रेडक्रॉसने तिचे तुकडे करून जखमी सैनिकांच्या मदतीसाठी विकले.

तारच का? तर हे जहाज शुटे-लांझ कंपनीचं, एसएल ११. त्याचा सांगाडा लाकडी होता. लाकूड जळून गेलं, कापड जळून गेलं, राहिली ती सांगाडा आवळून धरणारी तार आणि इंजिनं. गंमत म्हणजे विकताना नाव छापलं ते ‘झेपेलिन एल २१’. एल २१ हे वेगळंच जहाज, ते तेव्हा धडधाकट उडत होतं. म्हणजे वस्तू शंभर टक्के खरी आणि सोबतचा कागद चुकीचा. पुढे या धंद्यात बहुतेक वेळा याच्या उलट झालं.

त्याच महिन्यात, २४ तारखेला, एसेक्समधल्या लिटल विगबरो गावाजवळ एल ३३ उतरलं. हे मात्र खरं झेपेलिन. खलाशांनी ते पेटवलं, पण गोळे लागून हायड्रोजन आधीच निसटला होता, त्यामुळे सांगाडा जवळजवळ अख्खा हाती लागला. तो ड्युरल्युमिनचा होता. इंग्रजांनी त्याची मापं घेऊन आर ३३ आणि आर ३४ बांधली, आणि १९१९ मध्ये आर ३४ अटलांटिक ओलांडून परत आलं. उरल्यासुरल्या पट्ट्यांचे लोकांनी ॲशट्रे, ब्रूच असं काय काय केलं.

ड्युरल्युमिन म्हणजे आमचं ड्युरल. माझा सगळा जन्म त्यात गेला, तेव्हा दोन शब्द जास्त लिहिले तर चालवून घ्या. ॲल्युमिनियमात चारेक टक्के तांबं, थोडं मॅग्नेशियम, थोडं मँगनीज. आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसाला १९०६ च्या सुमाराला याची किल्ली सापडली. पत्रा तापवून एकदम पाण्यात बुडवला की तो मऊ निघतो. मग त्याला हातही न लावता नुसता ठेवून दिला की आपोआप कडक होत जातो. विल्मने शनिवारी केलेला नमुना सोमवारी तपासला आणि तो चक्रावला, असं सांगतात. मला ते पटतं. बुडवून काढलेला पत्रा सांगाल तसा वळतो, आणि काम उद्यावर टाकलंत तर उद्या तो तुमचं काही ऐकत नाही.

हा गुण वितळवल्यावर पुसला जातो, म्हणून ओतीव वस्तूंबद्दल माझं मत जरा कडवट आहे. पण एक ओतीव वस्तू माझ्या घरी आहे. मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मिळालेली ‘व्हिक्टरी बेल’. मूठ इंग्रजी व्ही अक्षराची, अंगावर चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांचे मुखवटे, आणि कडेला कोरलेलं की ही घंटा १९३९ ते ४५ दरम्यान ब्रिटनवर पाडलेल्या जर्मन विमानांच्या धातूची आहे. रॉयल एअर फोर्सच्या बेनेव्हलंट फंडासाठी अशा घंटा काढल्या होत्या. आत बोट फिरवलं तर ओतकामाचा खरखरीतपणा लागतो. स्टालिनच्या मिशा चर्चिलच्या जबड्यापेक्षा जास्त नीट उतरल्यात. वाजवली तर देवघरातल्या घंटेची सवय असलेला माणूस हसेल. टण्ण होऊन संपतं, नाद घुमतच नाही.

यात धातू जर्मन किती? पाडलेली विमानं ऑक्सफर्डजवळ काउलीच्या आगारात यायची. पॉल नॅश या चित्रकाराने तिथला ढीग पाहून ‘टोटेस मेअर’ म्हणजे ‘मेलेला समुद्र’ हे चित्र काढलं, लाटांच्या जागी मोडके पंख. चित्रात जर्मन क्रूस दिसतात. प्रत्यक्षात त्या आगारात ब्रिटिशांची मोडलेली विमानंही येत होती, आणि भट्टी पासपोर्ट तपासत नाही. शिवाय पंखाचा पत्रा ओतकामाला नाठाळ, थंड होताना तडकतो; इंजिनाच्या कवचाचा धातू त्याला बरा. माझी घंटा कुणाच्या तरी क्रँककेसमधून आली असावी, असा माझा अंदाज. कोरलेल्या मजकुरावर मी अविश्वास दाखवत नाही, पण छातीवर हात ठेवून शपथही घेणार नाही.

इथवर सगळा धातू शत्रूचा आहे, हे लक्षात घ्या. व्हिएतनाममध्येही तेच. पाडलेल्या अमेरिकी विमानांच्या पत्र्यातून उत्तरेतले लोक फण्या आणि अंगठ्या करत, आणि हनोईला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना त्या भेट देत. युद्धविरोधी अमेरिकी माणसंसुद्धा त्या घेऊन घरी गेली. फणी हा कापीव माल, म्हणून मला विशेष प्रिय; कानशीने एकेक दात घासायचा म्हणजे काय काम असतं ते मला माहीत आहे. शेजारच्या लाओसवर १९६४ ते ७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. तिथल्या बान नाफिया गावात त्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. आधी ते घरात आणि बाजारात वापरायला होते, पर्यटक नंतर आले. या ओतीव वस्तूवर मात्र मी एक अक्षर बोलणार नाही. तिथे पुरावा शेतात पडलेला आहे, आणि त्यातला काही अजून फुटायचा आहे.

स्वतःच्या विमानांबद्दल मात्र माणसाला फार उशिरा उमाळा आला. दुसरं महायुद्ध संपल्यावर ॲरिझोनातल्या किंगमनला साडेपाच हजारांच्या आसपास विमानं आणून उभी केली होती. एका कंत्राटदाराने ती २७ लाख ८० हजार डॉलरना उचलली, मोठ्या पात्याने तुकडे केले आणि भट्टीत घालून लाद्या पाडल्या. जर्मनीवर जाऊन परत आलेली बॉम्बफेकी विमानं त्यात होती. चकती कापून जवळ ठेवावी असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. लोकांना घरी जायचं होतं.

आता त्याच ॲरिझोनात टूसॉनला लष्कराचं विमानांचं कोठार आहे. हवा कोरडी, जमीन इतकी टणक की विमान थेट मातीवर उभं करता येतं. आणि आता विमान निवृत्त व्हायचा अवकाश, संग्राहक नंबर लावून बसतात. कॅलिफोर्नियातल्या मोटोआर्ट कंपनीने तर यावरच बस्तान बसवलं. आधी विमानाच्या भागांची टेबलं करायचे, मग अंगच्या पत्र्याच्या किल्लीला लावायच्या चकत्या काढू लागले. वर विमानाचा प्रकार आणि शेपटीवरचा नंबर.

भाच्याने अशी एक चकती आणली होती. मी ती भिंगाखाली धरून कड पाहिली. वर राखाडी रंग, खाली जुन्या रंगाची वेगळी छटा, म्हणजे कधीतरी पुन्हा रंगवलेलं. त्याखाली पिवळट हिरवा क्रोमेट प्रायमर. मग लखलखीत रेघ : ड्युरल गंजू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पापुद्रा चढवतात, तो. हे वितळवून कसं दाखवाल? घरी कुणाकडे असं काही असेल तर कृपा करून पॉलिश पेपर मारून चकचकीत करू नका. क्रोमेटची धूळ विषारी असते, आणि तुम्ही नेमकं जे विकत घेतलंय तेच घासून टाकाल. जुन्या कॉकपिटची घड्याळं घेणाऱ्यांनीही काच उघडू नये. रात्री चमकणाऱ्या त्या काट्यांवर पूर्वी रेडियम असायचं.

आपल्याकडे या हौसेची पहिली मोठी लाट विमानाच्या नव्हे, विमानवाहू जहाजाच्या धातूवर आली. १९६१ मध्ये नौदलात आलेली ‘विक्रांत’ १९९७ ला निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्याला तोडायला गेली. तिचं पोलाद घेऊन बजाजने २०१६ मध्ये ‘व्ही’ मोटरसायकल काढली. टाकीत ‘विक्रांत’चा अंश, अशी जाहिरात. पोलाद वितळवून त्याचा नवा पत्रा केलेला, म्हणजे माझ्या हिशेबात ओतीव. तरी मी नाक मुरडत नाही. आमच्या गल्लीतला दूधवाला त्या गाडीच्या टाकीला हात लावून मगच किक मारायचा. एकाहत्तरच्या युद्धातली ‘विक्रांत’ची गोष्ट त्याला तोंडपाठ होती.

राहता राहिलं आमचं मिग. १९६३ पासून हवाई दलात असलेलं मिग-२१ चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ओझरला कारखाना आला, आणि गावाला लोक ‘ओझर मिग’च म्हणू लागले. तेव्हा आता ओळखीचे विचारतात, काका, याचा तुकडा मिळेल का? मिळेल न मिळेल, ते हवाई दल ठरवील. पण कापायचाच झाला तर कुठून, यावर माझं ठाम मत आहे. विकणारे वरचा, तिरंगी गोलाचा पत्रा कापतील, कारण रंगीत तुकड्याला भाव जास्त. मला तो नको. तो रंग शेवटच्या रंगकामात मारलेला. तपासणी-झाकणाच्या आतली बाजू द्या. तिथे रिव्हेटच्या शेपट्या दिसतात, एकीचं डोकं दुसरीपेक्षा जरा चपटं असतं, आणि नशीब असेल तर कोपऱ्यात तपासनिसाचा गोल शिक्का. त्यात नंबर असतो. तो नंबर कुणाचा, हे सांगणारी माणसं ओझरला आणि नाशिकला अजून आहेत.