घरखाता आणि मंडई : दूर दूर बसून काम करणाऱ्यांचा मेळ

मंडळी, 2020 साली करोनाची साथ आली आणि शहरांतल्या कचेऱ्यांना कुलुपे लागली. कारकून, हिशेबनीस, संगणकावर काम करणारी तरुण मुलेमुली, सारे आपापल्या घरी बसून मालकाचे काम करू लागले. साथ ओसरली, तरी पुष्कळांचे काम घरीच राहिले. एकजण गोंदियात, दुसरा पुण्यात, तिसरी बंगळूरला, आणि काम मात्र तिघांचे एकच. मग मालकांच्या ध्यानात आले की, या माणसांची एकमेकांशी ओळखच होत नाही. तेव्हा आता पडद्यावर एकत्र चहा पितात, कोडी घालतात, अंताक्षरी खेळतात. वर्षातून एकदा सर्वांना एका ठिकाणी बोलावून दोरखेचही खेळवतात म्हणे. एकमेकांची तोंडे पाहावीत, एकोपा वाढावा, एवढाच हेतू.

ऐकून आपल्याला हसू येईल. पण गोंदियाच्या माणसाने हसू नये. घरी बसून मालकाचे काम करणे आपल्याकडे नवे नाही. गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागांतल्या कितीतरी घरांत आजीने, पणजीने हेच केले आहे. त्याला नाव होते घरखाता. काम विडीचे.

ही विडी इकडे कशी आली ते आधी पाहू. 1899 च्या सुमारास गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. पोटासाठी बाहेर पडलेल्या गुजराती कुटुंबांपैकी काही जबलपुराकडे आली आणि 1902 च्या सुमारास तेथे विडीचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेची लाईन होतीच. 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाईनही पडली. जंगलात तेंदूचे पान विपुल, आणि धानाचे काम संपले की हात रिकामे असलेली माणसे गावोगाव. आणखी काय पाहिजे? तंबाखू बाहेरून आला, पान जंगलातून आले, आणि गोंदिया विडीचे मोठे ठाणे झाले. पुढे याच धंद्यातल्या पैशातून शाळा-कॉलेजेही निघाली. विडीचे व्यापारी मनोहरभाई पटेल यांनी 1958 साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, हे आपल्यापैकी शिक्षकांना सांगायला नको.

विडीची भलामण करायला मी बसलेलो नाही, हे येथेच सांगून टाकतो. ती ओढणाऱ्याची छाती खाते, आणि तंबाखूची धूळ वळणारीलाही सोडत नाही. आज आपल्याला पाहायची आहेत ती ती वळणारी माणसे.

आरंभी पुष्कळ विड्या कारखान्यांतच वळल्या जात. कारखाना म्हणजे काय, तर एखादी लांबट कोंदट खोली आणि त्यात जमिनीवर बसलेली माणसे. 1931 साली निघालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालात अशा खोल्यांचे आणि त्यांत बसणाऱ्या लहान मुलांचे वर्णन आले, आणि ते वाचून कुणालाही बरे वाटण्यासारखे नव्हते. 1937 साली मध्यप्रांताच्या सरकारने विडी, लाख आणि कातडे कमावणे या धंद्यांतल्या कारखान्यांसाठी कायदा केला. 1948 साली साऱ्या देशासाठी नवा कारखाना कायदा आला. कायदे चांगलेच होते. पण त्यांत एक फट होती. माणसे एका छपराखाली जमली की कायदा लागू, आणि काम घरोघर वाटून टाकले की कायद्याला कारखानाच सापडत नाही! मग घरखाता वाढला नसता तरच नवल.

घरखात्याची रीत अशी. कारखानदार पान आणि तंबाखू सट्टेदाराला, म्हणजे ठेकेदाराला, देई. सट्टेदार ते घरोघर वाटी. बाई रात्री पान भिजवी, सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापी, सूप मांडीवर घेऊन वळायला बसे. वळलेल्या विड्यांचे 25-25 चे कट्टे बांधून ती सट्टेदाराकडे जाई. मजुरी हजारावर. तेथे विड्या तपासल्या जात. ही सैल, ही आखूड, हिचे पान फाटके, असे म्हणून काही बाजूला पडत. त्याला म्हणायचे छाट. छाटाची मजुरी नाही. शिवाय हजार विड्यांसाठी दिलेले पान अनेकदा हजाराला पुरतच नसे. उरलेले पान बाईने पदरच्या पैशाने आणायचे.

आता विचार करा. एक बाई एकटी घरात बसून विड्या वळते. तिच्या शंभर विड्या छाटात गेल्या. तिला काय वाटेल? वाटेल की आपलीच बोटे चुकली. पान कमी पडले तर वाटेल, आपल्यालाच कापता येत नाही. शेजारच्या आळीतल्या बाईच्याही शंभरच गेल्या, तिलाही पान कमीच मिळाले, हे तिला कळणार कसे? एकट्या माणसाला मालकाचा हिशेब हा नेहमी आपला दोष वाटतो.

म्हणूनच बाया एकट्या बसत नसत. हे मला या सगळ्या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरखाता म्हणजे कागदोपत्री घरात बसून करायचे काम. प्रत्यक्षात दुपारी घरचे आवरले की चार-सहा जणी सुपे घेऊन एखाद्या ऐसपैस अंगणात, निंबाच्या सावलीत नाहीतर पडवीत जमत. बोटे चालत आणि तोंडेही चालत. कुणाचे पान संपले तर शेजारीण उसने देई. नवी सून सासरी आली की वळायला येथेच शिके, मुलगी आईजवळ बसून आधी नुसता दोरा बांधायला शिके. कुणी आजारी पडली तर इतरजणी तिचा हजार पुरा करून देत. गाणे असे, उखाळ्यापाखाळ्याही असत. भांडणे नसत असे मी म्हणणार नाही, अंगण म्हटले की भांडण आलेच. पण याच गप्पांत कधीतरी एक विचारी, “तुझ्या किती काढल्या गं काल?” आणि उत्तर ऐकून बाकीच्या जणींची बोटे क्षणभर थांबत. तो प्रश्न कुठल्याही खेळापेक्षा मोठा होता.

असे अंगण दुसरीकडेही होते. क्यूबा देशात हॅवाना शहरातल्या चिरूटाच्या कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वर्तमानपत्रे आणि पुस्तके मोठ्याने वाचून दाखवण्याची चाल पडली. इकडे केरळात विडी कामगारांनीही तेच केले. आपल्यातलाच एकजण वाचायला बसायचा, आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. वाचणाऱ्याची मजुरी बुडाली नाही, आणि ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही जगाची बातमी कळली. शिक्षक बंधुभगिनींनो, साक्षरतेचा याहून स्वस्त वर्ग मला तरी ठाऊक नाही.

कायद्याची गोष्ट मात्र वाकड्या वाटेने पुढे गेली. तिच्यातले एक प्रकरण आपल्या मुलखाशी जवळचे आहे. त्या वेळी भंडारा जिल्हा, आणि त्यातच आजचा गोंदिया, मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1948 साली त्या सरकारने असा कायदा केला की, शेतीच्या हंगामात ठरावीक गावांतल्या लोकांनी विड्या वळू नयेत. हेतू हा की शेताला मजूर मिळावेत. सागर जिल्ह्यातून याविरुद्ध दावा लागला, आणि 1950 साली सुप्रीम कोर्टाने हा निर्बंध रद्द केला. कोर्टाचे म्हणणे साधे होते. जी म्हातारी, अपंग किंवा दुबळी माणसे शेतात राबूच शकत नाहीत, त्यांची विडी बंद करून शेताला काय मिळणार?

यापुढचे प्रकरण नागपूरचे. एका विडी कारखान्यातले कामगार रजेचा पगार मागत होते. मालक म्हणे, हे माझे कामगारच नव्हेत. मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा जातात, मजुरी विड्यांवर घेतात. 1960 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, हे कामगारच आहेत. कशावरून? तर प्रमाणाबाहेरच्या विड्या बाद करण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचा ताबा आहे. पाहा बरे गंमत! ज्या छाटाने मजुरी खाल्ली, तोच छाट कामगाराच्या बाजूचा साक्षीदार झाला.

पण ते लोक कारखान्यात बसणारे होते. घरी बसणारीचे काय? त्यासाठी 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा यावा लागला. सट्टेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरी वळणारी बाईही कामगार, असे त्या कायद्याने मानले. कारखानदार कोर्टात गेले. 1974 साली सुप्रीम कोर्टाने कायदा कायम केला. सहसा शेकडा 5 पेक्षा जास्त विड्या छाटात काढू नयेत, असे बंधनही नियमांत आले. म्हणजे अंगणात जो प्रश्न एकीने दुसरीला विचारला होता, त्याचे उत्तर छापील नियमांत उतरले. नियम झाला म्हणून छाट थांबला असे नव्हे. मोजायला चार डोळे लागतातच.

सोलापूरच्या बायांनी तर आणखी पुढची मजल मारली. तेथे विडीच्या बाया घरी वळतात आणि माल कारखान्याच्या शाखेत नेऊन देतात. त्या रांगेत ओळखी होतात, आणि त्या ओळखींतून संघटना झाली. गोदावरी परुळेकरांचे नाव दिलेली महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि 2006 साली सुमारे 10,000 घरांची वसाहत झाली. एकेकटीला सावकारही दारात उभा करीत नाही, तेथे दहा हजारजणींची घरे उभी राहिली.

आता मंडईकडे वळू. पुण्यामुंबईच्या माणसाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो. आपली मंडई वेगळी. दिवाळीतली गायगोधनाची पूजा झाली, भाऊबीज आली, की भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. एकाच दिवशी सर्वांची नाही, म्हणून एका गावचा माणूस चार गावच्या मंडया पाहू शकतो. ही योजना कोणा हुशार माणसाने केली कोण जाणे, पण केली फार शहाणपणाने.

या सणात मान गुराख्याचा. गुराखी म्हणजे खरा एकट्याने काम करणारा माणूस. सकाळी गावची गुरे घेऊन तो जंगलात जातो, दिवसभर बोलायला गाय आणि बासरी. त्याचा मालक एक नाही, सारे गाव त्याचे मालक. जुन्या रीतीत त्याचा मोबदला धान्यात मिळे. वर्षभर रानात एकटा असलेला हा माणूस दिवाळीला मोरपिसांच्या ढाली घेऊन, कवड्यांचा साज घालून, गोवारी बांधवांबरोबर नाचतो. ठिकठिकाणचे गुराखी भेटतात. तुमच्या गावी किती कुडव देतात, आमच्याकडे किती, हे बोलणे नाचाच्या दमात निघतेच. माहेरवाशिणी येतात, सोयरिकी जुळतात. रात्री दंडार, खडी गंमत, नाटक.

कंपनीच्या खेळांत आणि मंडईत मला एक फरक दिसतो. कंपनीचा खेळ मालक ठरवतो, आणि हजेरीही तोच घेतो. मंडईला हजेरी नाही. पण मंडईलाच सारे श्रेय देणेही बरोबर नव्हे. वर्षातून एक दिवस नाचलेली माणसे उरलेल्या दिवसांत एकमेकांना विसरू शकतात. अंगण रोजचे होते. माझा कौल विचाराल तर अंगणाला.

आज गोंदियाकडे विडी वळणारे हात कमी होत चालले आहेत, आणि ज्या मुलींच्या आज्यांनी सूप मांडीवर घेतले, त्यांच्यापैकी काहींच्या मांडीवर आता संगणक आहे. तेव्हा शिक्षकांना एक विनंती. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना निबंधाऐवजी हे काम द्या. घरात किंवा आळीत जी म्हातारी विड्या वळत होती, तिच्याजवळ बसायचे आणि विचारायचे : तुम्ही कुणाच्या अंगणात बसत होता? किती जणी? पान उसने कोण देई? छाट जास्त निघाला तर सट्टेदाराशी बोलायला पुढे कोण जाई, आणि तिच्या मागे किती जणी उभ्या राहत? उत्तरे वहीत लिहून घ्या, गावाचे नाव आणि आठवत असेल तर साल घालून. म्हाताऱ्या मंडईला येतातच, तेथेही भेटतील.