कपडे शिवणाऱ्या पॉलीनची वंशावळ

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ती सुरू होते कपडे शिवणाऱ्या एका बाईपासून.

साल १८९५. मिशिगन राज्यात पॉलीन ग्रॉस ही डॉ. वॉर्थिन यांच्या घरचं शिवण करायची. एकदा ती त्यांना म्हणाली, मी काही म्हातारी होणार नाही. आमच्या घराण्यात माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानंच जातात. डॉक्टरांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. मग पॉलीननं नातेवाइकांकडून माहिती गोळा केली: कोण गेलं, कशानं गेलं, कितव्या वर्षी गेलं. १९१३ साली वॉर्थिन यांनी त्यावर लेख लिहिला. पॉलीन पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली.

तरीही कर्करोग वंशानं येऊ शकतो, हे बहुतेक डॉक्टर मानत नव्हते. नेब्रास्कातल्या डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशाच दुसऱ्या कुटुंबांची माहिती छापली, नंतर पॉलीनच्या घराण्याचाही माग काढला. अखेर १९९३ साली शास्त्रज्ञांना ‘एमएसएच-२’ हे जनुक सापडलं. २००० साली पॉलीनच्या घराण्यातला दोषही त्याच जनुकात निघाला.

हे जनुक करतं काय? पेशी वाढताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते. त्यात चुका राहतात, त्या दुरुस्त करायचं काम याचं. तेच बिघडलं की चुका साठत जातात. गाठीच्या तुकड्यात या चुकांची खूण तपासता येते आणि रक्तातून जनुकाचा दोष कळतो. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, मुलाला तसाच मुलीला. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून ‘सुनेनं आजार आणला’ या बोलण्यात काही अर्थ नाही.

आतड्याचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. आणि दोष असला तरी आजार होईलच असंही नाही. पण तो वेळेत कळला, तर दुर्बिणीनं आतडं नियमित तपासता येतं आणि गाठ पसरण्याआधीच काढता येते.

बचतीची वही आपण चोख ठेवतो. तिच्या शेवटच्या पानावर माहेर आणि सासर, दोन्हीकडच्या आजारांची नोंद करा. पन्नाशीच्या आत कुणाला असा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून लाजेनं गप्प बसू नका. पॉलीन बोलली, म्हणून तर हे सगळं कळलं.