डिंकाचा उतारा

जाळीचा टोप किंवा खोटी दाढी चिकटवण्याच्या द्रवाला रंगभूषेच्या खोलीत ‘स्पिरिट गम’ म्हणतात. या जोडनावातला दुसरा शब्द फसवा आहे, पहिला खरा. डिंक म्हणजे बाभळीसारख्या झाडाचा, पाण्यात विरघळणारा चीक. या बाटलीत तो नसतो, राळ असते: ग्रीसच्या खिऑस बेटावरून येणारी, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून मिळणारी राळ, नाहीतर चंद्रसासारखी किंवा पाइनच्या झाडाची राळ, मद्यार्कात विरघळवलेली. कपाळावर लावल्यावर मद्यार्क उडून जातो आणि राळ जाळीला धरून बसते. पुन्हा मद्यार्क लावला की तीच राळ पातळ होऊन सुटते. चिकटवण्याची युक्ती आणि सोडवण्याची युक्ती जुळी जन्मली, आणि दोन्ही त्या ‘स्पिरिट’ शब्दात नोंदलेल्या आहेत. म्हणून टोपाची साफसफाई ही नंतर सुचलेली निगा नव्हे. चिकटद्रव निवडला त्या क्षणी त्याचा उताराही ठरलेला असतो. हे नाते विसरले गेले की टोप अकाली निकामी होतात.

हे नाते जुळले ते जाळीमुळे. त्याआधी युरोपच्या रंगभूमीवर टोपाच्या पुढच्या कडेला कापडाची पट्टी असे आणि तिच्यावर रंगाचा थर देऊन ती कपाळात मिसळावी लागे. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने 1808 आणि 1809 मध्ये षट्कोनी घरांची जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटे घेतली. 1816 मध्ये यंत्रविरोधी लडाइट टोळीने लफबरो गावातल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडली आणि त्याने आपला पसारा डेव्हनमधल्या टिव्हर्टनला हलवला. लेसच्या व्यापारासाठी जन्मलेली ही जाळी टोपकारांच्या हाती फार मोलाची ठरली. बारीक आकडीने एकेका घरात एकेक केस गाठवला की जाळी त्वचेवर दिसेनाशी होते आणि केस कपाळातूनच उगवल्यासारखे वाटतात. पण अशी कडा नुसत्या दाबाने बसत नाही, तिला चिकटवावेच लागते. आणि जितकी जाळी तलम तितकी तिच्या छिद्रांत साचलेली राळ घातक. पुढे चित्रपटाचा कॅमेरा चेहऱ्याजवळ आला तेव्हा ही कडा आणखी तलम हवी झाली. पोलंडमध्ये जन्मलेला टोपकार मॅक्स फॅक्टर लॉस एंजेलिसमध्ये चित्रपटवाल्यांना खऱ्या केसांचे टोप भाड्याने देत असे. भाड्याचा टोप परत येतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. असा धंदा कडा स्वच्छ राहिली तरच चालतो.

कडा खराब कशी होते, हे नीट पाहायला हवे. उरलेल्या राळेत घाम, पावडर, रंग मिसळतो, थर पांढुरका आणि कडक होतो. कडक जाळी वाकत नाही, फाटते. शिवाय जुन्या थरावर नवा द्रव नीट धरत नाही म्हणून तो जास्त लावला जातो, आणि मग काढताना ओढही जास्त बसते. म्हणून रंगभूमीवरच्या जुन्या शिस्तीत टोप उतरवतानाच कडेखाली मद्यार्क सोडतात आणि जाळी आपण होऊन सुटेपर्यंत थांबतात. मग कडा दुमडलेल्या टॉवेलवर पसरतात आणि मद्यार्कात भिजवलेल्या ब्रशने टिपल्यासारखे हलके ठोके देतात, म्हणजे विरघळलेली राळ खाली टॉवेलात उतरते. ब्रश घासायचा मात्र नाही. घासला की गाठी सुटतात.

साबण आणि गरम पाणी असताना हे सोपस्कार कशाला, असे कोणी म्हणेल. ही समजूत ‘गम’ या शब्दाने लावून दिलेली आहे. राळ पाण्यात विरघळत नाही. पाण्याने ती फक्त पांढरी पडते, आणि भिजलेली जाळी चोळली जाते ती वेगळीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजचे बरेच चिकटद्रव ‘वॉटर बेस्ड’ असतात, तेव्हा त्यांना तरी पाणी पुरावे. पुरत नाही. अशा द्रवात अॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि तो परत पाण्यात जात नाही. त्याला तेलकट द्रव किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. सिलिकॉनच्या चिकटद्रवाला सिलिकॉनजातीचाच पातळ द्रव सोडवतो. बाटलीवरचे नाव आता उतारा सांगत नाही, उलट दिशाभूल करते. मग सगळ्यांवर अॅसिटोन का नको? तो सुती जाळीला सहसा काही करत नाही, पण मोडॅक्रिलिकचे कृत्रिम केस विरघळवू शकतो; टोप कशाचा आहे हे माहीत नसेल तर तो जवळही आणू नये.

राहिला तिसरा आक्षेप, की जाळी स्वस्त आहे, फाटली तर नवी घ्यावी. जाळी स्वस्त आहेच. गाठी नाहीत. रंगभूमीपुरता असलेला जाळीचा टोप आता रोजच्या वापरात आला आहे, विशेषतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये. त्यासाठी लागणाऱ्या केसांत तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेले, मग लिलावात विकले गेलेले केसही असतात. कडा फाटली की टोपकार पुढचा भाग कापतो, नवी जाळी शिवतो, आणि कपाळावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पुन्हा आकडी घेऊन बसतो, एका घरात एक केस.