मिनामाताचा पारा आणि जागे झालेले सोने

१/ १ मे १९५६. जपानमधील मिनामाता या किनारी गावी चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाने मज्जासंस्थेच्या एका अज्ञात विकाराची नोंद आरोग्य केंद्राकडे केली. रुग्णांचे हातपाय लुळे पडत, वाचा अडखळे, दृष्टी आकसत जाई. त्याआधीच गावातली मांजरे झटके येऊन मरू लागली होती.

२/ कारण त्याच कंपनीच्या कारखान्यात होते. तेथे ॲसिटिलीन वायूपासून ॲसिटाल्डिहाईड तयार होई आणि त्यासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. मात्र येथे पाऱ्याचा काही अंश मेथिल मर्क्युरी या विषात बदले. ते विष सांडपाण्यातून समुद्रात, माशांत आणि अखेर माणसांत पोहोचले. ही पद्धत बंद पडायला १९६८ साल उजाडले.

३/ तरीही रसायन उद्योगातून पारा हद्दपार झाला नाही. पीव्हीसी प्लास्टिकचा कच्चा माल असलेले व्हिनाईल क्लोराईड हे ॲसिटिलीन व हायड्रोजन क्लोराईड यांच्या संयोगातून बनवता येते. त्यासाठी मर्क्युरिक क्लोराईड हा उत्प्रेरक रूढ होता. चीनसारख्या कोळसासंपन्न देशात ही पद्धत फोफावली. पण उष्णतेने उत्प्रेरकातील पारा हळूहळू उडून जाई.

४/ याला पर्याय मिळाला तो कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या धातूतून: सोन्यातून. निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम हे उत्प्रेरक म्हणून नावाजलेले. निकेलसारख्या धातूंच्या बारीक चूर्णाने सेंद्रिय संयुगांना हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीबद्दल पॉल साबातिए यांना १९१२ चे नोबेल मिळाले. सोने मात्र निष्क्रिय! शतकानुशतके न गंजणारा धातू दुसऱ्या रेणूंना काय चेतवणार, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

५/ आकार बदलला की सोन्याचे रूप बदलते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच दाखवले होते. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मिळवला आणि हा रंग धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असे प्रतिपादन केले. रंग बदलतो, तर स्वभावही बदलत असेल का? या प्रश्नाचे ठाम उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

६/ १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये जॉफ्री बाँड व पॉल सर्मन यांनी सिलिकावर विखुरलेल्या सोन्याच्या साहाय्याने पेंटीनला हायड्रोजन जोडून दाखवला. प्रयोग महत्त्वाचा होता; पण सोन्याविषयीचे जुने मत त्याने फारसे हलले नाही.

७/ १९८० च्या दशकात जपानमधील ओसाका परिसरातील सरकारी संशोधन संस्थेत मासाताके हारुता यांनी लोहाच्या ऑक्साईडसारख्या आधारांवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले. अशा सोन्याने कार्बन मोनॉक्साईडचे ऑक्सिडीकरण शून्याखाली ७० अंश सेल्सिअसलाही घडवून आणले. १९८७ च्या शोधनिबंधानंतर सोन्याला ‘निष्क्रिय’ म्हणणे अवघड झाले.

८/ रहस्य आकारात होते. २ नॅनोमीटर व्यासाच्या कणात सोन्याचे जेमतेम अडीचशे अणू असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर येतात. कडा-कोपऱ्यांवरील अणूंना शेजारी कमी. म्हणून ते बाहेरच्या रेणूंना धरू शकतात. कण आणि ऑक्साईडचा आधार जेथे भिडतात, ती सीमारेषाही अभिक्रियेत भाग घेते. लगडीतल्या सोन्यात असे अणू नगण्य.

९/ सेंद्रिय रसायनशास्त्रानेही मग ही वाट धरली. १९९८ मध्ये इटलीत लॉरा प्राती व मिकेले रोस्सी यांनी सोन्याच्या साहाय्याने ग्लायकॉलवर्गीय अल्कोहोलांचे ऑक्सिजनने निवडक ऑक्सिडीकरण केले. त्याच वर्षी हारुतांच्या गटाने टायटॅनियम ऑक्साईडवरील सोन्याने प्रोपिलीनपासून प्रोपिलीन ऑक्साईड मिळवले.

१०/ आणि व्हिनाईल क्लोराईड? दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्ये, हारुतांहून स्वतंत्रपणे, धातूंच्या क्लोराईडांची सक्रियता त्यांच्या विद्युत विभवाशी पडताळली आणि या अभिक्रियेसाठी सोने सर्वांत सरस ठरेल असे भाकीत केले. प्रयोगांनी ते खरे ठरवले.

११/ पण येथील सोने वेगळे निघाले. हचिंग्ज यांच्या कार्डिफमधील गटाने २०१७ मध्ये दाखवले, की कार्बनवर सुटे विखुरलेले, विद्युतभारित सोन्याचे एकेक अणू ही अभिक्रिया घडवतात. कण लहान करण्याचा प्रवास अशा रीतीने अणूपर्यंत येऊन ठेपला.

१२/ प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट मात्र लांब होती. सोने महाग, पारा स्वस्त; शिवाय आरंभीचा उत्प्रेरक बनवण्यासाठी सोने आम्लराजात विरघळवावे लागे. सोन्याचे प्रमाण घटवून आणि आम्लराज टाळून केलेला उत्प्रेरक पुढे जॉन्सन मॅथी कंपनीने चीनमधील उद्योगात उतरवला.

१३/ पाऱ्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला. त्याचे नाव ‘मिनामाता करार’. सोन्याचे भाकीत आणि हा करार यांत २८ वर्षांचे अंतर आहे. पारा स्वस्त भासत राहिला, कारण त्याची खरी किंमत कारखान्याच्या हिशेबवहीत कधी मांडलीच गेली नव्हती. ती मिनामाताच्या कोळ्यांनी आणि त्यांच्या मुलांनी चुकती केली होती.