शून्याशिवाय दोन हजार

इथिओपियातल्या अक्सुमच्या पठारावरचं ऊन तुमच्या डोळ्यांवर येतं. चौथं शतक चालू आहे, राज्य एझानाचं. समोर पाथरवट छिन्नी चालवतोय. राजाच्या मोहिमेत किती माणसं पकडली, किती गुरं हाती लागली, याचा हिशेब शिळेवर चढतोय. अक्षरं गेएझ भाषेची, पण आकड्यांचं कूळ ग्रीक : अल्फापासून एक, बीटापासून दोन, ऱ्होपासून शंभर.

सवयीने तुम्ही शून्य शोधता. ते कुठेच नाही.

काही शतकं ओलांडून तुम्ही ताना सरोवरातल्या एका मठात उतरता. लेखनिक चर्मपत्रावर बोरू चालवतोय, शेजारी काळी आणि तांबडी शाई. प्रत्येक अंकाच्या वर आणि खाली तो रेघ ओढतो. एक ते नऊच्या नऊ खुणा, दहा ते नव्वदच्या नऊ, शंभराची एक आणि शंभराच्याच दोन खुणा जोडून झालेली दहा हजारांची एक. एकूण वीस.

तुम्ही जमिनीवर बोटाने १,२३,४५६ लिहिता आणि ही संख्या तोंडाने सांगता. तो पानावर मांडतो : बारा, दहा हजार, चौतीस, शंभर, छप्पन. मधली जागा रिकामी राखायची वेळच येत नाही, मग शून्य हवंय कशाला?

आता आदिस अबाबा, १९९०चं दशक. संगणकाच्या पडद्यावर एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य होतो. हा ताप तुम्हाला ओळखीचा आहे. मराठी डीटीपीवाल्यांनी तो वर्षानुवर्षं भोगला. प्रत्येक फॉन्टवाल्याचा कोड वेगळा, त्यामुळे एकाचं अक्षर दुसऱ्याला कचरा.

सप्टेंबर १९९९. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडची तिसरी आवृत्ती येते आणि गेएझच्या इथिओपिक लिपीला तिचा स्वतःचा तक्ता मिळतो. षोडशमान क्रमांक १३६९ ते १३७सी या वीस घरांत त्या वीस खुणा बसतात. शून्यासाठी घर ठेवलेलं नाही, कारण लेखनिकाकडे ते नव्हतंच.

पण घर मिळालं म्हणजे संगणकाला हिशेब कळला असं होत नाही. आजच्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेला देवनागरी ‘३’ पूर्णांक म्हणून वाचायला द्या. तो मुकाट्याने तीन धरतो. गेएझ तीन द्या. तो चूक दाखवून थांबतो. देवनागरी अंकांची नोंद दशमान अंक म्हणून आहे, गेएझ अंकांची तशी नाही. ही अडवणूक योग्यच आहे. ज्या पद्धतीत एकं-दहं-शतं अशी स्थानं नाहीत, तिथे ती गृहीत धरली तर उत्तर बिनचूक दिसेल आणि खोटं असेल.

शेवटचा थांबा, १२ सप्टेंबर २००७, पुन्हा आदिस अबाबा. आज इथिओपियाचं नववर्ष, त्यांच्या पंचांगाचं दोन हजारावं. काल १९९९ लिहायला पाच खुणा लागत होत्या : दहा, नऊ, शंभर, नव्वद, नऊ. आज दोनच पुरतात : वीस, शंभर. वर्षाला कायम चार घरं लागतात असं मानणारा प्रोग्राम कालही चुकला असता आणि आजही चुकेल.

उपाय लेखनिकाच्या पद्धतीतच आहे. संगणक आतला सगळा हिशेब दशमानात करतो. दाखवायच्या वेळी उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडतो. शेवटची जोडी तशीच, मग आळीपाळीने एकीला शंभर, पुढचीला दहा हजार. जोडी शून्याची असेल तर अंक गळतात, शंभराची खूणही गळते. वेबपानांच्या सीएसएसमध्ये याद्यांना क्रमांक देण्यासाठी हाच नियम नेमून दिलेला आहे. वीस खुणा तक्त्यात बसवून काम अर्धंच झालं होतं. त्या कशा जुळवायच्या हे संगणकाला शिकवलं, तेव्हा कुठे ती संख्या झाली.